बाजारपेठेचा रस्ता, एकेरी वाहतूक आणि शाळेजवळचं मैदान: नगरपरिषदेचे ठराव झाल्यावर काय करता येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तीसेक हजार वस्तीचं तालुक्याचं गाव, 'क' वर्ग नगरपरिषद. एकाच सर्वसाधारण सभेत तीन ठराव मंजूर झाले: बाजारपेठेतल्या मुख्य रस्त्याचं काँक्रिटीकरण, त्याच रस्त्यावर एकेरी वाहतूक, आणि रस्त्यावर बसणाऱ्या भाजीवाल्यांना उठवून शाळेजवळच्या मैदानाच्या कडेला व्यापारी संकुल. तुम्ही विचारलंत, "ठराव तर झाले, आता नागरिकांच्या हातात काही उरलंय का?"

बरंच उरलंय. मी एकतीस वर्षं नगरपरिषदांच्या बांधकाम विभागात नोकरी केली, पाच गावं पाहिली. असल्या विषयांच्या कितीतरी कार्यालयीन टिपण्या माझ्याच हातच्या आहेत. म्हणून सांगतो, सूचक-अनुमोदकांची नावं पडली आणि टेबलं वाजली की निर्णय झाला असं लोक धरून चालतात. सभागृहाने तेव्हा फक्त आपली इच्छा नोंदवलेली असते. रस्ता किती उंच होणार, गटार कुठून जाणार, भाजीवाली बाई कुठे बसणार, यावर सभेत मिनिटभरसुद्धा बोलणं होत नाही. ते ठरतं कामाच्या अंदाजपत्रकात, म्हणजे कामाच्या एकेका बाबीचा खर्च मांडलेल्या कागदात, आणि अंदाजपत्रक सहसा कोणी मागत नाही.

तीनही ठरावांचे मालक वेगवेगळे आहेत, त्यामुळे तिन्हींसाठी एकच निवेदन देऊ नका. 'जनभावनेचा आदर करावा' असं लिहिलेलं तीन पानी निवेदन आवक-जावकला शिक्का पडून फायलीत जातं. नेमका मुद्दा असलेला अर्धा पानाचा अर्ज मात्र अभियंत्याला उत्तर द्यायला लावतो.

सगळ्यात आधी रस्ता कोणाचा ते पाहा. तालुक्याच्या गावांत बाजारपेठेचा रस्ता पुष्कळदा सार्वजनिक बांधकाम खात्याचा राज्यमार्ग किंवा जिल्हामार्ग असतो. बाह्यवळण झालं की जुना रस्ता नगरपरिषदेकडे येतो, पण कधी कागद येतो आणि रस्ता येत नाही, कधी उलट. महामार्गालगत दारूविक्रीला बंदी घालणारा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१६ चा निकाल आल्यावर, ती दुकानं चालू राहावीत म्हणून, राज्यात काही शहरांमधले मार्गांचे तुकडे घाईने स्थानिक संस्थांकडे वर्ग झाले. त्यासोबत दुरुस्तीचा खर्चही गळ्यात आला. रस्ता बांधकाम खात्याचा असेल तर त्या खात्याच्या ना-हरकतीशिवाय नगरपरिषदेला काम काढता येत नाही. म्हणजे तुमचा अर्ज उपअभियंत्याकडेही गेला पाहिजे.

आता काँक्रिटीकरण. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण यातली चूक पुढची तीस वर्षं काढता येत नाही.

नोकरीच्या सुरुवातीला एका गावात मी बाजारपेठेच्या रस्त्याचं अंदाजपत्रक केलं. निधी ठरलेला होता, लांबी सभागृहाने ठरवलेली होती, आणि मार्चअखेर डोक्यावर होती. आकडा बसत नव्हता. वरिष्ठ म्हणाले, खोदाई काढून टाक, जुन्या डांबरावरच घेऊ. मी काढली. खाली दहा सेंटीमीटरचा कमी सिमेंटचा पाया, वर वीस सेंटीमीटरचं काँक्रीट, म्हणजे रस्ता एक फुटाने वर आला. त्यात मध्यापासून कडेला दोन टक्के ढाळ. सहा मीटर रुंदीच्या रस्त्याचा मधला भाग कडेपेक्षा सहा सेंटीमीटर उंच, आणि सगळा उतार घरांकडे. एका आजींच्या ओट्याला तीन पायऱ्या होत्या, त्यांची एक उरली. शेजारच्या धान्याच्या दुकानाचा उंबरा रस्त्याच्या खाली गेला. जूनमधल्या पहिल्याच मोठ्या पावसात दुकानात घोटाभर पाणी आणि खालच्या थरातली पोती भिजलेली. दुकानदार मला काही बोलला नाही. त्याने फक्त पोतं उघडून मूठभर भिजलेली तूरडाळ दाखवली. तेव्हापासून मी एकाही अंदाजपत्रकातून खोदाईची बाब वगळली नाही, आणि तुम्हीही तिच्यावर सगळ्यात आधी बोट ठेवा.

अंदाजपत्रक हातात आलं की तीन गोष्टी शोधा. पहिली, जुना थर उकरून उचलण्याची बाब आहे का आणि किती खोलीची. ती नसेल तर रस्ता तेवढा वर येणार, एवढं साधं गणित आहे. दुसरी, रस्त्याचा आडवा छेद, म्हणजे रस्ता आडवा कापल्यासारखा दाखवणारं रेखाचित्र, जोडलाय का. विकास योजनेत, म्हणजे शहराच्या मंजूर आराखड्यात, बारा मीटरचा रस्ता, प्रत्यक्ष जागेवर सात-साडेसात मीटर, त्यातून गटार, खांब, पायवाट हे सगळं कुठे बसवलंय ते छेदावरच कळतं. छेद नसेल तर ते कोणी ठरवलेलंच नाही आणि ठेकेदाराचा मिस्त्री जागेवर ठरवेल. तिसरी, आडवे पाईप. काँक्रीट ओतण्याआधी ठराविक अंतरावर रस्त्याखालून रिकामे पाईप टाकून ठेवले तर पुढे नळाची जोडणी, वायर, केबल त्यातून ओढता येते. ही बाब स्वस्त असते आणि हमखास राहून जाते. मग सहा महिन्यांनी कोणाच्या तरी नळजोडणीसाठी नवा रस्ता कटरने कापला जातो, आणि कापलेल्या ठिकाणी काँक्रीट पुन्हा कधीच एकजीव होत नाही.

त्याच अर्जात लेखी विचारा: या रस्त्याखालची जुनी जलवाहिनी बदलली आहे का? भुयारी गटार योजना प्रस्तावित आहे का? दोन्ही प्रस्तावित असतील तर आधी रस्ता करणं म्हणजे पैसा पाण्यात घालणं. पण तसं घडतं, कारण रस्त्याचा निधी एका योजनेतून येतो आणि पाण्याचा दुसऱ्या. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, जिल्हा नियोजन, वित्त आयोग, प्रत्येकाची मुदत वेगळी. निधी परत जाईल या भीतीने उलट्या क्रमाने कामं होतात. इथे नागरिकांनी लेखी क्रम मागितला तर अभियंत्यालाही बळ मिळतं. असे अर्ज आले की मला बरं वाटायचं, कारण तेच मुद्दे मी टिपणीत घेऊन वर पाठवू शकत होतो.

अंदाजपत्रक मिळवायचं कसं? माहिती अधिकाराच्या अर्जात 'रस्त्याची संपूर्ण माहिती द्यावी' असं लिहू नका. ठरावाची तारीख लिहून कागद नावाने मागा: सभेची विषयपत्रिका, इतिवृत्तातला ठराव, कार्यालयीन टिपणी, अंदाजपत्रक नकाशा व आडव्या छेदासह, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, आणि झाला असेल तर कार्यारंभ आदेश. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. घाई असेल तर त्याच अर्जात 'फाईल प्रत्यक्ष पाहायची आहे' असं लिहा. कायद्यातल्या माहितीच्या अधिकाराच्या व्याख्येत कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेणं हेही येतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. काम चालू असताना काँक्रीटच्या चौकोनी ठोकळ्यांचे सात आणि अठ्ठावीस दिवसांचे चाचणी अहवाल मागता येतात. इतिवृत्तात हेही बघा की विषय मूळ विषयपत्रिकेत होता की 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी' घेतला. मैदानासारखा विषय आयत्या वेळी आला असेल तर ती नोंद तुमच्या पुढच्या तक्रारीचा कणा होऊ शकते.

आणखी एक काम, ज्याला कोणाची परवानगी लागत नाही. प्लंबरकडे असते ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, पाणी भरा. बाजारपेठेतल्या दहा-बारा घरांच्या उंबऱ्याची उंची आजच्या रस्त्यापासून मोजा, भिंतीवर गेरूने खूण करा, तारखेसह फोटो काढा. दोन जणांचं एका सकाळचं काम आहे. पुढे कोणी 'रस्ता फार वर आलेला नाही' म्हणालं तर उत्तर भिंतीवर असेल.

एकेरी वाहतुकीचं प्रकरण वेगळं आहे. नगरपरिषदेने एकट्याने ठराव करून रस्ता एकेरी होत नाही. वाहनांवर बंधन घालण्याचा अधिकार मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११५ खाली राज्य शासनाने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याकडे असतो. तालुक्याच्या गावात व्यवहारात पोलिसांचा अहवाल आणि जिल्हा दंडाधिकाऱ्यांची अधिसूचना असा तो मार्ग आहे. नगरपरिषदेचा ठराव ही शिफारस. त्यामुळे तुमचं म्हणणं पोलीस निरीक्षक आणि जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत गेलं पाहिजे, तेही अधिसूचना निघण्याआधी.

त्याच कलमात एक सोय आहे: एक महिन्यापर्यंतच्या बंधनाला राजपत्रात अधिसूचना लागत नाही. म्हणजे महिनाभर प्रयोग करून बघता येतो. तुम्ही विरोधाऐवजी हीच मागणी करा, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रयोगाआधी आणि प्रयोगाच्या काळात मोजणी करायची. सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ, एक साधा दिवस आणि एक बाजाराचा दिवस. चहाच्या टपरीवर वही घेऊन बसायचं. दुचाकी, रिक्षा, चारचाकी, टेम्पो, बैलगाडी, सायकल, पायी चालणारे, प्रत्येकासाठी रकाना आणि पाच-पाचच्या काड्या. आम्ही एका गावात हे केलं तेव्हा दिसलं की कोंडी वाहनांच्या संख्येमुळे नव्हतीच. सकाळी दुकानांसमोर माल उतरवणारे टेम्पो आणि दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाकी, यांनी रस्ता निम्मा खाल्ला होता. माल उतरवायची वेळ सकाळी नऊच्या आत आणली, सम-विषम तारखांना एका बाजूला पार्किंग केलं, आणि एकेरीचा विषय पुन्हा निघाला नाही.

एकेरी केल्यावर वेग वाढतो हेही पोलिसांना सांगा. समोरून वाहन येणार नाही याची खात्री असली की चालक पाय दाबतो, आणि शाळेच्या वेळेला रस्ता ओलांडणाऱ्या पोरांना ते महागात पडतं. मग गतिरोधकाची मागणी येते आणि रातोरात डांबराचा उंचवटा टाकला जातो. भारतीय रस्ते काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या जुन्या मानकात गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असा पसरट सांगितला होता. गावोगाव दिसतो तो हातभर रुंदीचा ठोकळा, ज्यावरून गरोदर बाई रिक्षातून जाऊ शकत नाही. तेव्हा गतिरोधक मागायचाच तर मापासह मागा. पायवाटेचंही तसंच. चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर असावी, कडेची उंची १५ सेंटीमीटरच्या वर नसावी, हे त्याच संस्थेच्या २०१२ च्या पादचारी मानकात आहे. दोन्ही बाजूंना बसत नसेल तर एकाच बाजूला सलग करा. तुकड्यातुकड्यांच्या पायवाटेवर कोणी चालत नाही.

एसटीचा फेरा किती वाढतो, रुग्णवाहिका कुठून येणार, हेही आगारप्रमुख आणि ग्रामीण रुग्णालयाकडून लेखी घेता आलं तर घ्या.

भाजीवाल्यांबद्दल मला मनापासून लिहावंसं वाटतं. त्या रस्त्यावर सगळ्यात आधी येतात आणि सगळ्यात शेवटी जातात, आणि त्यांना विचारल्याशिवाय त्यांची जागा ठरवली जाते. 'अतिक्रमण' हा शब्द त्यांना सरसकट लावला जातो, तो चुकीचा आहे. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण करणारा २०१४ चा केंद्रीय कायदा नगरपरिषदेला लागू आहे. त्यानुसार शहर फेरीवाला समिती असावी लागते. तिच्यात किमान चाळीस टक्के प्रतिनिधी पथविक्रेत्यांचे, त्यात एक तृतीयांश महिला. दर पाच वर्षांनी सर्वेक्षण. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं दिल्याशिवाय कोणाला उठवायचं नाही. हलवायचं झालं तर तीस दिवसांची नोटीस. गावाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना, जागेच्या क्षमतेनुसार, सामावून घ्यायचं. तुमचं गाव बत्तीस हजारांचं धरलं तर हा आकडा आठशेपर्यंत जातो.

त्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत एक तरतूद आहे, ती तुमच्या बाजारासाठी मोलाची आहे. पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते जिथे धंदा करत आले आहेत तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा, आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही. पिंपळाखाली भरणारी तुमची मंडई आजोबांच्या काळापासूनची आहे असं तुम्ही लिहिलंय. पुरावा गोळा करा. जुन्या बाजार-फीच्या पावत्या, नगरपरिषदेच्या लिलावाच्या नोंदी, घरातले जुने फोटो, सत्तरीपुढच्या पाच-सहा जणांचे जबाब. बाजार-फी नगरपरिषदेनेच घेतली असेल तर 'हे लोक बेकायदा बसतात' असं तिला म्हणता येणं अवघड आहे. पथविक्रेत्यांसाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या स्वनिधी कर्जासाठी कोणाला नगरपरिषदेने शिफारसपत्र दिलं असेल तर तेही जोडा.

या अर्जावर पहिली सही भाजीवालीची असू द्या, तुमची मागून. सुशिक्षित मंडळी बोलली की कार्यालय त्यांच्याशीच बोलत बसतं, आणि जिचा धंदा जाणार ती दाराबाहेर उभी राहते.

मैदानाच्या बाबतीत आधी तीन कागद काढा: सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, मंजूर विकास योजनेच्या त्या भागाचा नकाशा, आणि आरक्षणाचा अहवाल. मैदान नगरपरिषदेच्या मालकीचं आहे, शासनाचं आहे, की शाळेच्या संस्थेचं, आणि विकास योजनेत ते खेळाचं मैदान म्हणून दाखवलंय का, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

खेळाचं मैदान म्हणून आरक्षण असेल तर नगरपरिषदेच्या साध्या ठरावाने तिथे दुकानं येऊ शकत नाहीत. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो. त्याची सूचना राजपत्रात येते, हरकतींना एक महिना मिळतो, सुनावणी होते आणि मंजुरी शासन देतं. ती जाहीर सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते आणि गाव गाफील राहतं, म्हणून नगररचना शाखेत दर पंधरा दिवसांनी विचारणा ठेवा. हरकत प्रत्येक घराने स्वतंत्र द्यावी आणि सुनावणीला हजर राहावं. बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला देण्याचा बंगळुरूचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये रद्द ठरवला होता. हरकतीत त्या निकालाचा उल्लेख जरूर करा.

जागा नगरपरिषदेची असली तरी ती हवी तशी देता येत नाही. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमातलं कलम ९२ बघा. स्थावर मालमत्तेचं हस्तांतरण शासनाच्या मंजुरीशिवाय होत नाही, आणि नगरपरिषदेला स्वतःच्या अधिकारात दिलेला भाडेपट्टा तीन वर्षांपुरताच असतो. दुकानांसाठी अनामत घेऊन गाळे 'बुक' करणं सुरू झालं असेल तर त्या पावतीची प्रत आधी मिळवा.

भाजीवाल्यांना ओटे हवेतच, छप्पर हवं, पाणी हवं, स्वच्छतागृह हवं. बायका दिवसभर पाणी पीत नाहीत कारण जायला जागा नसते. पण हे सगळं आहे त्या बाजारातच करता येतं. पिंपळाला पार, दोन रांगा ओटे, मधून हातगाडी जाईल एवढी वाट, कडेला उतार असलेलं गटार. व्यापारी संकुलाच्या मानाने हा खर्च फारच कमी आहे. असा आराखडा एखाद्या स्थानिक अभियंत्याकडून किंवा वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडून मोजमापांसह काढून सभेपुढे ठेवा. नगरसेवकाला नुसता विरोध घेऊन वॉर्डात फिरता येत नाही, त्याला दाखवायला काहीतरी लागतं. बऱ्याच नगरपरिषदांत मधली काही वर्षं प्रशासक होते. डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांनंतर निवडून आलेले कित्येक जण पहिल्यांदाच सभागृहात बसले आहेत. त्यांना कायद्याची कलमं माहीत नसतात, आणि समजावून सांगितलं तर ते ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

जिल्हाधिकाऱ्यांकडे कधी जायचं? त्याच नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ नुसार नगरपरिषदेचा ठराव बेकायदा वाटला, किंवा त्याने लोकांना इजा-उपद्रव होईल असं वाटलं, तर त्याची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार त्यांना आहे. पण हा अर्ज कागदपत्रं हातात आल्यावर करा. तिन्ही ठराव एकत्र न करता मैदानाचा वेगळा करा, कारण तिथे कायद्याचा प्रश्न स्पष्ट आहे. काँक्रिटीकरणाच्या ठरावाला ३०८ लावायला जाऊ नका. तो रस्ता गावाला हवाच आहे, फक्त नीट हवाय, आणि त्यासाठी मुख्याधिकारी व नगर अभियंत्यांसोबत जागेवर पाहणी मागणं जास्त उपयोगाचं.

क्रम असा ठेवा. रस्त्याचा कार्यारंभ आदेश निघाला की बदल करणं अवघड होतं, म्हणून माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात द्या आणि फाईल पाहायची वेळ मागा. त्याच दिवशी फेरीवाला समिती आणि सर्वेक्षणाबद्दलचा दुसरा अर्ज, भाजीवाल्यांच्या सह्यांनी. मिळकत पत्रिका भूमी अभिलेख कार्यालयातून काढायला टाका. पोलीस ठाण्यात महिनाभराच्या प्रयोगाची मागणी द्या, सोबत मोजणीची वही जोडा. आणि लेव्हलची नळी घेऊन उंबऱ्यांच्या खुणा जेसीबी यायच्या आधी करून घ्या. अंदाजपत्रक मिळालं की खोदाईच्या बाबीचं पान आणि आडवा छेद मला पाठवा, त्यातले आकडे मी तपासून देतो.